सहा महिने चाकणला इंटर्नशिप – राहायचं कुठे?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मी परभणीची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. आठवं सेमिस्टर पूर्ण कंपनीत काढायचंय आणि माझं नाव चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीसाठी लागलंय. गाड्यांचे सुटे भाग बनवतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं, जूनअखेर परत. स्टायपेंड महिना १५ हजार. त्यातच भागवीन असं घरी बोलून बसलेय.

पुणं मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा मामाच्या स्कूटरवर मागे बसून. म्हणजे मामाची पाठ पाहिली. मामाची आता बदली झाली, त्यामुळे तिथं आपलं म्हणावं असं कुणी नाही.

बाबांचं म्हणणं, कंपनीच्या दारातच खोली घे. मैत्रीण म्हणते कोथरूडला माझ्याकडे कॉट रिकामी आहे. आणि मला महाळुंग्यात एक मुलींचं पीजी सापडलंय, फोटो छान आहेत, दोन वेळचं जेवण धरून साडेआठ हजार. नकाशात महाळुंगे चाकणच्या शेजारीच दिसतंय. पण तो माणूस म्हणतो आज पाच हजार टोकन पाठवा, उद्या बेड राहणार नाही. काय करावं कळेना झालंय. पाठवू का?

स्पाइन_रोड
थांब! एक रुपया पाठवू नकोस. आधी त्याला विचार, कुठलं महाळुंगे?

दोन आहेत. एक महाळुंगे इंगळे, ते चाकण एमआयडीसीला लागून. दुसरं बालेवाडीच्या क्रीडा संकुलाजवळचं, हिंजवडीच्या अंगाला. दोघांच्या मध्ये अख्खं पिंपरी-चिंचवड. सरळ पिनकोड विचार. ४१०५०१ म्हणाला तर चाकणकडचं, ४११०४५ म्हणाला तर आयटीवाल्यांचं. आमच्या बॅचचा एक जण गादी, बादली आणि कुकर घेऊन बालेवाडीला उतरला होता. महिनाभर रोज दोन बस बदलून चाकण गाठायचा, कारण डिपॉझिट सोडवत नव्हतं.

तिसरी_पाळी
चाकणमध्ये नऊ वर्षं नोकरी करतोय, त्यातली चार राहिलोही तिथेच. माझं ऐकशील तर खोली शोधणं आजच्या आज बंद कर आणि एचआरला दोन ओळींची मेल टाक: इंटर्नना कंपनीची बस आहे का, असेल तर रूट चार्ट पाठवा; आणि पाळी कुठली असेल.

चाकणचा हिशेब किलोमीटरमध्ये चालत नाही. नाशिक हायवे आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता एकमेकांना कापतात तो तळेगाव चौक, आणि पुढचा आंबेठाण चौक, संध्याकाळी पाळी सुटली की कंटेनरनी भरून जातात. तीन किलोमीटरवर राहणाऱ्याला पाऊण तास लागलेला मी पाहिलाय, म्हणजे तो मीच. त्याच वेळी निगडीहून येणारे लोक कंपनीच्या बसमध्ये झोपा काढत येतात. उशीर झाला तरी बसच उशिरा आलेली असते, गेटवर कुणी विचारत नाही. स्वतःच्या पायांनी उशिरा आलं की मात्र विचारतात.

तेव्हा आधी बसचा थांबा, मग त्या थांब्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत खोली. चालत म्हणजे जानेवारीत पहाटे पावणेसहाला, अंधारात, थंडीत, तेही रोज. गूगलवरची दहा मिनिटं वेगळी.

कांदा_लिलाव
चाकणला इतकी नावं ठेवू नका राव. मी डिप्लोमाला असताना आठ महिने राहिलो. तिघांत एक खोली, गॅस शेअर, माणशी अडीच हजारांत राहणं भागायचं. बाजार मोठा, भाजी ताजी, रविवारी चाकणच्या किल्ल्यावर, संग्रामदुर्गाच्या बुरुजावर जाऊन बसायचं. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या एवढ्या फौजेपुढे ५० च्या वर दिवस तो लढवला, आणि आज आत उभं राहिलं की पाच मिनिटांत फिरून होतो. एवढ्याशा गढीवर कसे टिकले असतील, हे तिथं गेल्यावरच डोक्यात येतं.

पण खरं सांगतो ताई, ते आम्हा पोरांचं होतं. उन्हाळ्यात टँकर आला की बादल्या घेऊन पळायचं. मुलींसाठी नीट पीजी तेव्हा तरी फार दिसली नाहीत.

सौ_मेतकूट
बाळ, माझी मुलगी याच वाटेने गेली म्हणून लिहिते. कोथरूडचा विचार मनातून काढ. मैत्रीण कितीही जिवाची असली तरी तिथून चाकण म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसरं टोक ओलांडून पुढे.

आकुर्डी, निगडी-प्राधिकरण किंवा पिंपरीचं संत तुकारामनगर बघ. तिन्ही भागांत किंवा जवळपास कॉलेजं आहेत, म्हणून मुलींची होस्टेलं आहेत, मेस आहेत, पोळी-भाजी केंद्रं आहेत, रात्री नऊला रस्त्यावर बायामाणसं दिसतात. संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम हॉस्पिटलही आहे. एकट्या पोरीला ताप आला तर रिक्षाने कुठे जायचं हे आधी माहीत असलेलं बरं.

पीजी बघायला दिवसा जाऊ नकोस, संध्याकाळी सात-आठला जा. तेव्हा मुली घरी असतात आणि पाणी येतं का हे त्या मालकिणीपेक्षा खरं सांगतात. आणि पहिला प्रश्न जेवणाचा. बहुतेक मेसचा नाश्ता सात-साडेसातला सुरू होतो. तुझी बस सहाला गेली तर त्या 'दोन वेळच्या जेवणा'तलं एकच तुझ्या पोटात जाणार, पैसे मात्र दोन्हींचे. रात्रीच पोळी-भाजी बांधून देतील का विचार. माझ्या लेकीच्या पीजीत देत नव्हते. मग तिने फक्त राहण्याचे पैसे ठरवले, दुपारी कंपनीचं कँटीन आणि रात्री केंद्रावरच्या तीन पोळ्या नि एक भाजी. महिन्याला बरेच वाचले.

गोदाकाठची
सगळ्यांना आधी धन्यवाद. दोन बातम्या.

पिनकोड ४११०४५ निघाला! स्पाइन रोड दादा, माझी बादली वाचवलीत. त्या माणसाला म्हटलं मला चाकणजवळ हवंय, तर म्हणतो "गाडीवर अर्धा तास." माझ्याकडे गाडी नाही म्हटल्यावर म्हणतो "मग घ्या की."

एचआरचं उत्तर आलं. इंटर्नना बस आहे, पण गेटपास झाल्यावर, म्हणजे पहिले चार-पाच दिवस आपलं आपण यायचं. थांबे निगडीचा भक्ती-शक्ती चौक, चिंचवड आणि नाशिक फाटा. पहिला महिना जनरल शिफ्ट, नंतर पहिली पाळी लागू शकते.

आता करारनाम्याचं विचारते. निगडीच्या एका मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं की सहा महिन्यांसाठी कागद वगैरे काही लागत नाही, विश्वासावर चालतं. डिपॉझिट मात्र दोन महिन्यांचं.

कलम_५५
विश्वास एकाच बाजूने का बरं? :)

मी वकील आहे, फुकट सल्ला देतो, तो तेवढ्याच किमतीचा समज. पूर्ण खोली किंवा फ्लॅट घेणार असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. कागद नसेल आणि भांडण झालं, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. हे मालकीणबाईंना गोड आवाजात सांग, कागद लगेच निघतो.

पीजीतल्या कॉटसाठी कुणी एवढं करत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तिथे निदान डिपॉझिट ऑनलाइन भर, रोख नको. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी लिहून घे: सोडताना किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि त्यातून रंगाचे-साफसफाईचे पैसे कापणार का. ती शेवटची ओळ विसरू नकोस. पुण्यात किती भिंती विद्यार्थ्यांच्या डिपॉझिटवर रंगल्या असतील, देव जाणे.

कांदा_लिलाव
ताई, परभणीहून ट्रॅव्हल्सने येणार ना? नगर रोडने येते ती. मग पुण्यात कशाला शिरतेस, शिक्रापूरला उतर, तिथून सरळ चाकणचा रस्ता आहे.

तिसरी_पाळी
अरे बाबा, पहाटे चारला शिक्रापूरच्या चौकात एकट्या मुलीला दोन बॅगा घेऊन उतरवतोस? तो रस्ता कंटेनरचा आहे. तुला जमलं म्हणून सगळ्यांना सांगू नकोस.

एसटीने ये. मराठवाड्याच्या गाड्या वाकडेवाडीला येतात. तिकिटावर 'शिवाजीनगर' लिहिलेलं असलं तरी मेट्रोच्या कामापासून स्टँड वाकडेवाडीलाच आहे. पुढे वल्लभनगरपर्यंत जाणारी गाडी मिळाली तर उत्तमच. वल्लभनगर स्टँड आणि संत तुकारामनगर मेट्रो स्टेशन जवळजवळ आहेत. आणि उजाडल्यावर पोचणारी गाडी निवड.

गेटपास होईपर्यंतच्या चार-पाच दिवसांसाठी भोसरीहून चाकणला पीएमपी, म्हणजे शहर बस, मिळते. फक्त मेट्रोचं 'भोसरी' म्हणून सुरू झालेलं स्टेशन भोसरीत शोधू नकोस, ते नाशिक फाट्यावर आहे. भोसरी गाव तिथून पुढे. (नावं ठेवणाऱ्याने बहुतेक महाळुंग्याचाच आदर्श घेतला.)

कांदा_लिलाव
बरं, शिक्रापूर मागे घेतो.

स्पाइन_रोड
दोन बारीकसारीक गोष्टी. सेफ्टी शूज कंपनी देईल, पण मोज्यांचे सहा जोड आण आणि बूट खोलीबाहेर ठेवायला जागा आहे का बघ. रूममेटशी पहिलं भांडण त्यावरूनच होतं. आणि तिकिटाचं: पीएमपीने जून २०२५ मध्ये दर वाढवले, ४० चा दिवसाचा पास ७० चा झाला. दिवसात दोनच फेऱ्या असतील तर आधी सुट्या तिकिटांची बेरीज कर.

सौ_मेतकूट
आणि रविवारी खोलीत लोळत पडू नकोस. पहिल्या महिन्यात सगळ्याच पोरी फोनवर रडतात, आमचीही रडली. पिंपरीहून मेट्रोत बसायचं, मंडईला उतरायचं. तिथून पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक चालत. पुस्तकं घेतली नाहीस तरी चालेल. नाटक आवडत असेल तर त्यासाठी पुण्यात जायलाच नको, चिंचवडला रामकृष्ण मोरे नाट्यगृह आहे. घरचं तूप मात्र घेऊन ये, इथलं परवडायचं नाही.

गोदाकाठची
उशिरा लिहितेय, माफ करा. येऊन बारा दिवस झाले.

पहिले पाच दिवस आईच्या ओळखीतल्या एका मावशींकडे पिंपरीला राहिले आणि रोज संध्याकाळी पीजी बघत फिरले. सहा पाहिली. काकूंचं खरं निघालं, एका ठिकाणी मालकीण म्हणाली चोवीस तास पाणी, आणि मागे उभी असलेली मुलगी नुसती मान हलवत होती. शेवटी भक्ती-शक्ती चौकापासून नऊ मिनिटांवर (माझी नऊ, गूगलची सहा) कॉट घेतली. जेवणाशिवाय साडेपाच हजार, डिपॉझिट एक महिन्याचं. रंगाची ओळ लिहून घेतली. बाई जरा चमकल्या, पण लिहिलं.

बस ६:५० ची. पहिल्या दिवशी ६:५१ ला पोचले, तर लाल दिवे दिसले. आता साडेसहालाच चौकात असते. तिथं चहावाल्याशी ओळख झाली, तो सेलूचा, म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यातलाच निघाला. मी "काय करू लागलात" म्हटलं आणि त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या महिन्यात पहिली पाळी लागणार, बस ५:३५ ला. पहाटे पाचला त्या रस्त्याने कुणी चालत जातं का? निगडीचं कुणी असेल तर सांगा.

तिसरी_पाळी
जातात. दूधवाले, पेपरवाले, आणि त्याच बसच्या निदान चार-पाच जणी. उद्या बसमध्ये विचार, प्राधिकरणातून कोण येतं. शॉप फ्लोअरवरच्या ताईंपैकी कुणीतरी नक्की तुझ्याच गल्लीतून जात असेल.

गोदाकाठची
विचारलं. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, असेंब्ली लाइनवर आहेत. म्हणाल्या, पाच पंचवीसला खाली उभी राहा, हाक मारणार नाही, मिस्ड कॉल देईन.