मदत हवी: ईएसआयचे बेरोजगारीचे पैसे कसे काढायचे? फॉर्म अडकलाय

पाळधीचा_पोऱ्या
जळगाव एमआयडीसीत कामाला होतो, काम सुटलं. ईएसआय म्हणजे कामगार विम्याचा हप्ता दर महिन्याला कटायचा. त्यातून घरी बसल्याचे पैसे मिळतात म्हणे. सायबरवाल्याकडे दोनदा फॉर्म भरला, दोन्ही वेळा 'पात्र नाही' आलं. त्याने शंभर रुपये मात्र घेतले. घरभाडं थकलंय. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

रावेरी_केळी
भाऊ, पीएफ काढून मोकळा हो. मी तेच केलं.

भुसावळचे_मास्तर
महास्वयमवर नाव नोंदवलं का? आधी ते करा. आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड नसेल तर कुणी दारात उभं करत नव्हतं.

दाणाबाजार
मास्तर, महास्वयम नोकरी शोधायला आहे. भाऊ विचारताहेत ते वेगळं. ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ पासूनची. सुटल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो, जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे, आणि आयुष्यात एकदाच. मी पंधरा वर्षं कारखान्यांची पगारपत्रकं केली आहेत. पाळधीकर, हे सांगा: काम कधी सुटलं, किती वर्षं होतात, पगार किती आणि सुटलं म्हणजे नेमकं काय झालं?

पाळधीचा_पोऱ्या
पाईपच्या फॅक्टरीत. पगार १६ हजार. तीन वर्षं झाली असतील. दोन महिन्यांपूर्वी सुटलं. सुटलं म्हणजे बंद केलं.

दाणाबाजार
कुणी बंद केलं? कंपनी बंद पडली, तुम्हाला काढलं, की तुम्ही सोडलं?

पाळधीचा_पोऱ्या
काढलं. ऑर्डर नाही म्हणाले.

नंदुरबारी
मग राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा, २००५ ची. कंपनी बंद पडली किंवा कायदेशीर छाटणी झाली तर २४ महिन्यांपर्यंत मिळतं. आमच्याकडची एक सूतगिरणी बंद पडली तेव्हा माझ्या मेहुण्याने काढले होते. अटलच्या ९० दिवसांमागे काय लागता?

दाणाबाजार
छाटणीचा कागद असेल तर जरूर. आहे का कागद, पाळधीकर?

पाळधीचा_पोऱ्या
कागद म्हणजे... त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. 'घरगुती अडचणीमुळे काम सोडत आहे.' सही केली तरच हिशोब मिळेल म्हणाले. सगळ्यांनीच केली.

रावेरी_केळी
घ्या! हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं ना भो.

दाणाबाजार
हाच तिढा. स्वतःहून काम सोडलेल्याला ही योजना लागू नाही. ईएसआयच्या साइटवर तुमच्या नावापुढे सोडण्याचं कारण काय लावलंय ते आधी बघा. ते कारण मालक भरतो, तुम्ही नाही. सही करून घेतलेले बाकीचे किती जण आहेत? एकत्र जाऊन सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या, जबरदस्तीने राजीनामा घेतला म्हणून. एकट्याने गेलं तर कुणी ऐकत नाही, पाच जण गेले की खुर्ची मिळते.

रावेरी_केळी
तक्रार करा आणि वर्षभर तारखा घ्या! परत एमआयडीसीत कुणी कामाला ठेवेल का? यापेक्षा आमच्याकडे केळीच्या कटाईला या, संध्याकाळी रोकडा.

नंदुरबारी
केळीला भाव आहे का सध्या?

रावेरी_केळी
नको विचारू भाऊ.

दाणाबाजार
केळी राहू द्या. पाळधीकर, पगार कंपनी द्यायची की ठेकेदार?

पाळधीचा_पोऱ्या
ठेकेदार. मधी एक बदलला पण काम तेच, मशीन तेच.

दाणाबाजार
नवीन ठेकेदाराने नवा ईएसआय नंबर काढला होता का?

पाळधीचा_पोऱ्या
थांबा, बघतो.

पाळधीचा_पोऱ्या
हो. दोन कार्डं आहेत. पहिलं पेटीत होतं.

दाणाबाजार
मग 'पात्र नाही' येण्याचं हेही कारण असू शकतं. दोन वर्षांची नोकरी दिसावी लागते. शिवाय सुटायच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचा हप्ता, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी कुठल्या तरी एकीत ७८ दिवस. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. तुमचे दिवस दोन नंबरांत वाटले गेले, की नव्या नंबरावर अर्धवटच दिसणार. दोन्ही कार्डं, आधार, पासबुक घेऊन ईएसआयच्या शाखेत जा आणि दोन्ही नंबर एकत्र करून द्या म्हणून लेखी अर्ज करा. योजनेची मुदत वाढत वाढत आलीय, सध्या चालू आहे ना, तेही तिथेच विचारा.

पाळधीचा_पोऱ्या
मिळाले तर किती मिळतील? १६ हजारांच्या निम्मे महिन्याला?

दाणाबाजार
सरासरी रोजाच्या निम्मे. चार सहामाह्यांची एकूण कमाई भागिले ७३०. सलग १६ हजार असतील तर रोज ५२६ च्या आसपास, निम्मे २६३. नव्वद दिवसांचे साडेतेवीस हजारांवर. खाडे असतील तर कमी.

भुसावळचे_मास्तर
पण महास्वयमवर नाव नोंदवून ठेवायला काय हरकत आहे?

अहिरानी_आबा
भाऊ, कागद देण्याआधी बठ्ठानी, सगळ्यांचीच, झेरॉक्स काढी ठेव. आनि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको.

पाळधीचा_पोऱ्या
सोमवारी शाखेला सुट्टी नाही ना? आणि राजीनाम्याची झेरॉक्स माझ्याकडे नाही, ठेकेदार फोन उचलत नाही. आता काय करू?