पुनावळ्यातले आठ गाळे रिकामे आहेत, जाहिरात नेमकी कशी करावी?

पुनावळेकर_८

नमस्कार मंडळी. पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्यात जागेच्या मोबदल्यात आमच्या वाट्याला तळमजल्यावरचे आठ गाळे आले आहेत. भोगवटा प्रमाणपत्र आलंय. समोर १८ मीटरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता. कार्पेट (भिंती सोडून आतली वापराची जागा) असं: २२० चौ. फुटांचे चार, ३०० चे तीन आणि कोपऱ्यावरचा एक ४१० चा. बहुतेकांना ११ फुटांचं फ्रंटेज (रस्त्याकडची रुंदी) आहे. आम्ही महिन्याला ८५ रुपये चौ. फूट भाडं मागतोय. चौकशी होते, पण "अजून वस्ती भरली नाही" असं म्हणून लोक परत जातात.

प्रश्न तीन.

१) हायवेच्या सर्व्हिस रोडला मोठं होर्डिंग तीन महिन्यांसाठी घ्यावं असं बिल्डर सांगतोय. पैसे वसूल होतील का?
२) ब्रोकर म्हणतात भाडं सरळ ६० वर आणा. आणावं का?
३) कोपऱ्याचा गाळा एक हॉटेलवाला लगेच घ्यायला तयार आहे, पूर्ण भाड्याने. बाकी सात रिकामे असताना आधी त्याला द्यावा का?

गाळे विकायचे नाहीत, भाड्यानेच द्यायचे आहेत.

---

शटर_आणि_चावी

होर्डिंग घेऊ नका. हायवेवरून ८० च्या वेगाने जाणारा माणूस पुनावळ्यात किराणा दुकान टाकणार नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे वाकड, थेरगाव, चिंचवड, रावेत इथे आधीच दुकान चालवणारा आणि दुसरी शाखा शोधणारा माणूस. असे शंभरएक जण असतील आणि ते सगळे पायी जाऊन गाठता येतात. शिवाय होर्डिंगला महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी लागते. किवळ्यात १७ एप्रिल २०२३ ला सर्व्हिस रोडलगतचं होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली. तुम्ही भाड्याने घेतलेला सांगाडा अनधिकृत निघाला तर पैसे तर जातीलच, वर नोटीस येईल. विजेच्या खांबांवर फ्लेक्स लावायचा विचारही नको. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा नोंदतात, आणि फ्लेक्सवर फोन नंबर तुमचाच असतो.

आता मुख्य गोष्ट. "वस्ती भरली नाही" या वाक्याला उत्तर फक्त आकड्यांनी देता येतं. दुकानदार तुमचा गाळा बघत नाही, गाळ्यासमोरून जाणारा पैसा बघतो. तो आकडा मालकाने काढून हातात दिला तर बोलणं पहिल्या पाच मिनिटांत वेगळ्या वळणावर जातं. हा आकडा असा काढा:

गाळ्यापासून ५०० मीटर चालत जाता येईल एवढाच भाग धरा. हायवेपलीकडच्या सोसायट्या धरू नका. भुयारी मार्ग संध्याकाळी तुंबतो, दुधाच्या पिशवीसाठी तो ओलांडून कोणी येत नाही. उरलेल्या सोसायट्यांत एकूण फ्लॅट किती हे महारेराच्या (राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाच्या) साइटवर प्रकल्पनिहाय सापडतं. त्यातले राहते किती हे मात्र तिथे कळत नाही. त्यासाठी पेपरवाला आणि दूधवाला गाठा. कोणत्या विंगेत किती घरं उघडी आहेत हे त्यांना तोंडपाठ असतं. सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्येही नोंदलेले फ्लॅट असतात, चेअरमनला विचारलं तर आकडा देतात. "मंजूर फ्लॅट" आणि "राहते फ्लॅट" हे दोन रकाने वेगळे ठेवा. एकच मोठा आकडा फेकला की अनुभवी दुकानदार त्याच क्षणी ओळखतो आणि पुढचं काहीही खरं मानत नाही.

मग वर्दळ. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९, दर तासाला १५ मिनिटं मोजून चारने गुणा. मंगळवार-बुधवारपैकी एक दिवस आणि रविवार. पायी, दुचाकी, चारचाकी वेगवेगळे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणत्या बाजूने? हिंजवडीहून घरी परतणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला तुमचे गाळे येत असतील तर भाजी, डेअरी, बेकरी, मेडिकल चालेल. सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या बाजूला असतील तर चहा-नाश्ता, इस्त्री, पीयूसी. दुभाजक असेल तर हा फरक दुप्पट होतो, कारण वळसा घालून कोणी थांबत नाही.

हे सगळं एका ए-फोर कागदावर. वर नकाशा, खाली राहते फ्लॅट, वर्दळीचा तक्ता, प्रत्येक गाळ्याचं कार्पेट, फ्रंटेज, उंची, मीटर सिंगल फेज की थ्री फेज, पाणी, ड्रेनेज पॉइंट, पार्किंग किती गाड्यांचं. फोटो संध्याकाळी सात वाजताचा, दिवे लागलेल्या सोसायट्या मागे दिसतील असा. दुपारी बाराचा रिकाम्या रस्त्याचा फोटो टाकतात आणि मग फोन येत नाही म्हणतात.

भरण्याचा क्रम: आधी मेडिकल, डेअरी-बेकरी आणि किराणा. या तिघांमुळे माणसांचे पाय रोज वळतात. सलून, पॅथॉलॉजी कलेक्शन सेंटर, टेलर, मोबाइल हे त्यांच्या मागोमाग स्वतःहून येतात. किरकोळ औषध परवान्याला किमान १० चौ. मी. म्हणजे साधारण १०८ चौ. फूट जागा लागते, त्यामुळे मेडिकलला २२० चा गाळा भरपूर झाला. ३०० चे तीन किराणा आणि क्लिनिकसाठी राखा. एका ओळीत दोन मेडिकल घेऊ नका, भाडं कितीही दिलं तरी. वर्षभरात एक शटर खाली येतं, आणि बंद शटर ही सगळ्या ओळीची वाईट जाहिरात असते.

---

नकाशा_बघा_आधी

हॉटेलबद्दल. कोणी किती भाडं देतोय त्याआधी इमारतीत चार गोष्टी आहेत का ते बघा.

धूर: तवा, तंदूर किंवा फ्रायर असेल तर एक्झॉस्टचा डक्ट गच्चीच्या वरपर्यंत न्यावा लागतो. मंजूर नकाशात डक्टची जागा नसेल तर तो मागच्या भिंतीवरून, लोकांच्या बेडरूमच्या खिडक्यांसमोरून जाणार. सोसायटी हे मान्य करणार नाही आणि तिचं बरोबर आहे. मग हॉटेलवाला पहिल्या मजल्याखालीच धूर सोडतो आणि महिन्याभरात तक्रारी सुरू.

ड्रेनेज: गाळ्यांना बहुधा वॉश बेसिनपुरती लाइन दिलेली असते. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी त्यात सोडलं की तेल आत गोठतं आणि चेंबर तुंबतो, तेही सोसायटीचा. ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी टाकी) गाळ्याच्या आत, मुख्य लाइनला जोडण्याआधी हवा. त्याची सफाई भाडेकरूने दर आठवड्याला करायची, हे करारात शब्दात लिहा.

पाणी: टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हॉटेलला वेगळी टाकी आणि वेगळं मीटर नसेल तर भांडण ठरलेलं.

वीज: डीप फ्रीझर, मिक्सर, एसी मिळून भार बराच होतो. थ्री फेज आणि वाढीव मंजूर भारासाठी महावितरणकडे अर्ज आत्ताच करून ठेवा. डेअरी आणि आइस्क्रीमवालेही पहिला हाच प्रश्न विचारतात.

यातलं काही नसेल तर कोपरा हॉटेलला देऊ नका. बेकरी किंवा तळण नसलेला कॅफे चालेल.

आणखी एक, समोरची सामासिक (इमारतीभोवती मोकळी सोडायची) जागा. तिथे पत्र्याचं शेड, ओटा, टेबलं असं काहीही करू देऊ नका. अतिक्रमण विभागाची गाडी आली की पहिलं तेच तुटतं, आणि त्याआधीच दुचाकी लावायला जागा उरलेली नसते. ११ फुटांच्या फ्रंटेजसमोर चार-पाच दुचाकी नीट लागतात. तिथे पांढरे पट्टे मारून घ्या, खर्च किरकोळ आहे. गिऱ्हाइकाला गाडी लावता आली नाही तर ते पुढच्या दुकानात जातं.

पाट्यांची जागाही तुम्हीच ठरवून द्या. शटरच्या वर सगळ्यांना एकाच उंचीची पट्टी, विजेचा पॉइंट तिथपर्यंत आणलेला. नाहीतर पहिला भाडेकरू चार फुटांची पाटी पुढे काढतो आणि शेजारचे तीन गाळे रस्त्यावरून दिसेनासे होतात. पाटीवर नाव मराठीत, देवनागरीत हवंच, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. दुकाने कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या दुकानांनाही लागू आहे. भाडेकरू पाटी छापायला टाकण्याआधीच सांगा.

---

करारनामा_डेस्क

भाड्याच्या प्रश्नाला जीएसटीची एक बाजू आहे, ती आधी बघा. तुमचं एकूण कार्पेट २,१९० चौ. फूट. ८५ ने वर्षाचं भाडं होतं २२,३३,८०० रुपये. सगळे गाळे एकाच माणसाच्या नावावर असतील तर ही रक्कम २० लाखांच्या वर जाते. म्हणजे नोंदणी करून प्रत्येक भाड्यावर १८ टक्के जीएसटी लावायचा. ७५ ने तेच १९,७१,००० होतं. घरभाड्याचं उत्पन्न असेल तर तेही या मर्यादेत मोजलं जातं, हे बहुतेक जण विसरतात. गाळे घरातल्या दोघांच्या नावावर स्वतंत्र असतील तर मर्यादाही प्रत्येकाची स्वतंत्र.

मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः सरकारला भरायचा असतो. मोठ्या चेनला फरक पडत नाही, ती क्रेडिट घेते, म्हणजे भरलेला कर स्वतःच्या करातून वजा करते. कंपोझिशनमधल्या (उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणाऱ्या) छोट्या दुकानदाराला मात्र १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळलंय. म्हणून "मालकाकडून जीएसटी नाही" ही ओळ छोट्या दुकानदारासाठी खरंच मोलाची आहे. लागू होत असेल तर तुमच्या कागदावर ठळक लिहा.

करार: लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याचा करार) नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला ०.२५ टक्के. उदाहरणार्थ ३५,००० भाडं, ६० महिने, परत करायचं डिपॉझिट २ लाख: भाड्याचे २१ लाख, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून पाच वर्षांचे १ लाख. एकूण २२ लाखांवर ५,५०० रुपये. नोंदणी फी शहरात १,०००. दरवर्षीची वाढ असेल तर बेरीज वाढीसकट करायची.

एक सावधगिरी. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट ताबा मिळतो, तो कलम २४ खाली फक्त राहण्याच्या जागेला. गाळ्यासाठी लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागतो आणि वेळ जातो. म्हणून डिपॉझिट सहा महिन्यांच्या भाड्याएवढं घ्या, आणि मुदतीनंतर न सोडल्यास दररोजची नुकसानभरपाई किती ते आकड्यात लिहा.

गाळे फक्त भाड्याने द्यायचे असल्याने तुमच्या जाहिरातीला महारेराच्या क्यूआर कोडचा प्रश्न नाही. बिल्डर त्याच पत्रकावर स्वतःचे उरलेले फ्लॅट विकायला टाकू बघेल. तसं करू देऊ नका. त्याच्या विक्रीच्या जाहिरातीला नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड दोन्ही लागतात.

---

पुनावळेकर_८

सगळ्यांचे आभार. गाळे दोघा भावांच्या नावावर चार-चार आहेत, म्हणजे जीएसटीचं सुटलं. डक्टची सोय नकाशात नाही, त्यामुळे हॉटेलला नाही सांगतो. आता भाडं ६० करायचं की ८५ वर थांबायचं, एवढंच राहिलं.

---

शटर_आणि_चावी

दोन्ही नको. पहिल्या करारात ६० लिहिलंत की तो दर ब्रोकरांच्या तोंडी सगळ्या ओळीचा होतो. पाच वर्षं तो खोडता येत नाही. त्याऐवजी चढतं भाडं लिहा: पहिलं वर्ष ६५, दुसरं ७५, तिसऱ्यापासून ८५, पुढे वर्षाला ५ टक्के. शिवाय फर्निचरसाठी ४५ दिवस बिनभाड्याचे. ताबा दिल्याच्या तारखेपासून मोजायचे, दुकान उघडल्याच्या तारखेपासून नाही, नाहीतर उघडणं लांबवतात. ही सवलत पहिल्या तीन गाळ्यांनाच, आणि ६० दिवसांत दुकान सुरू झालं तरच.

हे का, ते दुकानदाराच्या बाजूने मोजून बघा. २२० चा गाळा ८५ ने १८,७०० रुपये. डेअरीवाल्याला सरासरी १० टक्के सुटतात असं धरलं तर नुसतं भाडं निघायला महिन्याला १,८७,००० ची विक्री हवी. वीज आणि पोराचा पगार वेगळा. ६५ ने भाडं १४,३०० आणि विक्री १,४३,००० वर येते. वस्ती अर्धी भरलेली असताना पहिल्या वर्षी हा फरक त्याला जगवतो. प्रत्येक उमेदवारासमोर हीच मांडणी करा. जो स्वतः विक्रीचा अंदाज सांगू शकत नाही त्याला गाळा देऊ नका, कितीही घाईत असला तरी.

लॉक-इन (ज्याआधी गाळा सोडता येत नाही ती मुदत) भाडेकरूवर १८ महिने. ब्रोकरला एकट्याला काम द्यायचं तर ६० दिवसांपुरतंच, आणि दर आठवड्याला किती जणांना प्रत्यक्ष दाखवलं त्याची यादी मागा.

---

गेट_नंबर_२

सोसायटीच्या बाजूने एक-दोन गोष्टी. भाडेकरू शोधायच्या आधी आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न टाका: "खाली कोणतं दुकान हवंय?" आणि पाच पर्याय द्या. आलेली मतं तुमच्या कागदाच्या मागे छापा. १४० घरांनी बेकरी मागितली हे दाखवलं की बेकरीवाला स्वतः फोन करतो.

गुगलवर "गाळे भाड्याने" या नावाचं बिझनेस प्रोफाइल काढू नका. रिकाम्या, भाड्याच्या जागेला ते नियमात बसत नाही, उडवतात. इमारतीचं नाव जागा म्हणून नकाशावर जोडा आणि तीच पिन कागदावर द्या. पुनावळ्यात गल्ल्यांना नावं नसल्याने निम्मे लोक चुकून मागच्या गेटला येतात. पिन गाळ्यांच्या शटरसमोर आहे का, ते स्वतः गाडीवरून येऊन तपासा.

पहिली तीन दुकानं एकाच आठवड्यात उघडतील असं जमवा, शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आणि रिकाम्या पाच शटरना स्वच्छ रंग देऊन प्रत्येकावर कार्पेट, भाडं आणि फोन नंबर लिहा. भाडं लिहिलेलं असलं की नुसते भाव काढायला येणारे फोन कमी होतात. आतला एक दिवा रात्री दहापर्यंत चालू ठेवा.