घरातच निसटलेला कॉर्न स्नेक: शोध कोठून सुरू करावा?

घरकोंबडा (प्रश्न)

माझ्याकडे साधारण एक मीटर लांबीचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा कॉर्न स्नेक आहे. आज सकाळी त्याच्या काचेच्या पेटीवरील जाळीचे झाकण एका कोपऱ्यात किंचित उचललेले दिसले आणि साप दिसला नाही. रात्री पाणी बदलले तेव्हा तो जागेवर होता, त्यामुळे त्यानंतरच तो बाहेर पडला असावा. त्या खोलीत पुस्तकांचे मोठे कपाट, जुना सोफा, संगणक आणि वायरींचे जंजाळ आहे. शेजारच्या खोलीत फ्रीज व वॉशिंग मशीन आहे आणि त्यापलीकडे न्हाणीघर. रात्री मधली सर्व दारे उघडी होती. साप बिनविषारी आहे हे ठाऊक असूनही घरातील मंडळी जमिनीवर पाय टेकवायला तयार नाहीत, आणि घरात मांजरही आहे. शोध कोठून सुरू करावा, सामान हलवावे की नाही, आणि तो अन्नपाण्यावाचून किती काळ तग धरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निशाचर

सर्वांत आधी पेटीच पुन्हा तपासा. कॉर्न स्नेक भुशात खोल शिरून बसतो, त्यामुळे सगळा भुसा हाताने चाळा, पाण्याचे भांडे उचलून पाहा आणि पोकळ लाकूड असेल तर त्याच्या आत टॉर्च मारा. ‘पळालेला’ साप पेटीतच सापडल्याची उदाहरणे मुळीच दुर्मीळ नाहीत.

तेथे तो नसेल, तर शोधाआधी बंदोबस्त करावा. मांजराला एका तपासलेल्या खोलीत कोंडा, प्रत्येक दार लावून खालच्या फटीत टॉवेल गच्च कोंबा, न्हाणीघरातील सांडपाण्याच्या जाळीवर वजन ठेवा आणि कमोडचे झाकण पाडा. वॉशिंग मशीन आतून पाहिल्याशिवाय कोणीही सुरू करू नये. उंदरांसाठी चिकट सापळे लावले असतील, तर ते ताबडतोब उचला. त्यांवर चिकटलेला साप ओढून काढला, तर कातडी सोलवटते. असे झालेच, तर खाण्याचे तेल लावून हळूहळू सोडवावे लागते.

आता कोठे शोधायचे ते. साप आपल्यापासून पळून दूर जाऊ पाहत नाही. तो भिंतीच्या कडेकडेने सरकत जातो आणि अंगाला चहूबाजूंनी स्पर्श होईल अशी अंधारी, शक्यतो उबदार जागा मिळाली, की तेथेच थांबतो. म्हणून पेटीच्या खोलीपासून सुरुवात करा आणि एक खोली पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. सोफ्याखालच्या मोकळ्या जागेपेक्षा सोफ्याच्या तळाला ठोकलेल्या कापडाच्या आतली बाजू त्याला अधिक आवडते. सोफा अलगद आडवा करून कापडाची कड कोठे सुटली आहे का ते पाहा आणि तळहात कापडावरून हलकेच फिरवा, आत साप असेल तर दोरीसारखी गुंडाळी हाताला लागते. कपाटातली पुस्तके ओळीने बाहेर काढा, कारण त्यांच्या आणि मागच्या फळीच्या मधली बोटभर जागा त्याला अगदी सोयीची असते. राउटर आणि संगणकाची पेटी उबदार राहते, तीही पाहा. फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ साप हमखास जातात. परंतु फ्रीज सरकवण्याआधी त्याची वायर काढून आरशाने व टॉर्चने मागची बाजू तपासावी, नाहीतर सरकवतानाच साप चिरडेल. डोके जेथे शिरते तेथे उरलेले शरीर बहुधा शिरतेच, त्यामुळे ‘एवढ्याशा फटीत कसा जाईल’ असे म्हणून कोणतीही जागा वगळू नका.

त्याचे डोळे अलीकडे दुधाळ निळसर दिसत होते का? तसे असेल, तर कात टाकण्याची वेळ जवळ आली आहे आणि तो ओलसर जागा शोधेल. मग न्हाणीघर व सिंकखालचे कपाट आधी घ्या. उपासमारीची काळजी मात्र नको. निरोगी प्रौढ साप काही आठवडे सहज न खाता राहतो. पाणी त्याला त्याहून लवकर लागते, म्हणून प्रत्येक खोलीत भिंतीलगत पाण्याचे उथळ भांडे ठेवा.

रद्दीवाला

निशाचर यांनी दिवसाचे काम सांगितले आहे, मी रात्रीचे सांगतो, कारण हा साप मुख्यतः संध्याकाळनंतर व रात्री हिंडतो. झोपण्यापूर्वी प्रत्येक उंबऱ्यावर व भिंतींच्या कडेने पिठाचा पातळ थर पसरा. सकाळी त्यावर नागमोडी पट्टा उमटलेला असेल, तर तो कोणत्या दिशेने गेला हे कळते आणि निम्मे घर शोधातून वजा होते. भिंतीलगत चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या पसरून ठेवल्या, तर शांत घरात त्यांचा आवाज ऐकू येतो. एका कोपऱ्यात थर्मोस्टॅट (तापमान आपोआप आवरणारे उपकरण) लावलेली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, सुमारे ३० अंश सेल्सिअसवर ठेवून तिच्यावर त्याचे नेहमीचे लपण, म्हणजे पेटीत तो ज्याखाली लपतो ती वस्तू, उपडे घाला. थर्मोस्टॅटशिवाय ती रात्रभर चालू ठेवू नये. हाका मारण्यात अर्थ नाही, हे वेगळे सांगायला नकोच. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचाही फारसा उपयोग होत नाही, कारण सापाचे शरीर बहुधा भोवतालच्या वस्तूंइतक्याच तापमानाचे असते.

खडीसाखर

आमिषाचा उल्लेख कोणी कसा केला नाही? गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून एका टणक डब्यात ठेवावा आणि उपाशी साप आत शिरेल, पण पोट फुगल्यावर बाहेर येणार नाही, एवढेच गुळगुळीत कडांचे भोक झाकणाला पाडावे.

निशाचर

खडीसाखर यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. भोकाचे माप जरा चुकले, तर साप खाऊन निघून जातो किंवा निम्मा बाहेर येऊन अडकतो. धडपडीत तो भक्ष्य ओकूनही टाकू शकतो. बंद डब्याऐवजी रद्दीवाला यांनी सांगितलेल्या लपणाजवळ उंदराच्या जुन्या बिछान्यातला थोडा भुसा ठेवला, तर वासाचा फायदा मिळतो आणि जोखीम राहत नाही. जिवंत उंदीर मात्र कोणीही, कोणत्याही कारणाने ठेवू नये. तो सापाला चावून गंभीर जखमा करतो.

घरकोंबडा

सर्वांचे आभार. साप दिसला आहे, पण हाती आलेला नाही. पिठावरचा पट्टा कपाटाच्या पायथ्याशी संपत होता. सर्वांत खालची फळी आणि जमीन यांच्यामधल्या पोकळीत तो बसला आहे. पुढच्या पट्टीच्या फटीतून शेपटीकडचा वीतभर भाग दिसतो. शेपटी धरून ओढावे का? हात लावल्यावर तो आतल्या आत घट्ट होतो.

निशाचर

ओढू नका. पोटाखालचे रुंद खवले आणि फासळ्या यांच्या आधाराने तो आत रोवून बसतो. तुम्ही जितके ओढाल तितका तो घट्ट होईल, आणि त्यात त्याच्या कण्याला किंवा फासळ्यांना इजा होईल. कपाट पूर्ण रिकामे करा, पण ते तिरके करू नका. पुढची पट्टी स्क्रूने बसवलेली असेल, तर डोक्याच्या विरुद्ध टोकाकडून ती उघडा. ती खिळ्यांनी ठोकलेली असेल, तर ठोकाठोकी टाळा. फटीच्या तोंडाशी गडद कापडाची पिशवी व कोमट पाण्याची बाटली ठेवा, खोलीतील दिवे मालवा आणि रात्रीपर्यंत त्याला एकटे सोडा. कोणीतरी अधूनमधून डोकावत राहिले, तर तो बाहेर येणार नाही.

घरकोंबडा

पट्टी स्क्रूचीच निघाली. ती उघडल्यावर तो धुळीने माखलेला, पण शांतपणे वेटोळे घालून बसलेला होता. दोन्ही हातांनी आधार देऊन उचलला. मानेच्या मागे एक खवला खरचटलेला दिसतो, रक्त नाही. त्याला लगेच खायला द्यावे का?

रद्दीवाला

अजिबात नाही. पेटीत ताजे पाणी व नेहमीची ऊब द्या आणि पाच-सात दिवस हाताळणे व खाणे दोन्ही बंद ठेवा. त्यानंतर नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे आणि ते गिळल्यावर निदान दोन दिवस त्याला उचलू नये. खरचटलेली जागा रोज बाहेरूनच पाहा. ती सुजली, श्वास घेताना घरघर ऐकू आली, तोंडाशी बुडबुडे दिसले किंवा तो तोंड उघडे ठेवून बसू लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे, कारण धूळ आणि गारठ्यानंतर फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो. झाकणावर वजन ठेवून भागत नाही, साप नाकाने ते उचलतो; चारही बाजूंना चाप बसवा, आणि हीट मॅटची वायर जेथून आत जाते ते भोकही आजच बुजवून टाका.