मदत हवी आहे: कॉल चालू असताना ब्ल्यूटूथ स्पीकरवर तानपुरा कसा चालू ठेवायचा?

मंद्रसप्तकी:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता अडलंय म्हणून लिहितेय. विभाग चुकला असेल तर धागा हलवा प्लीज.

मी नाशिकला असते आणि गाणं शिकते मिरजेच्या बाईंकडे, आठवड्यातून दोनदा सकाळी साडेसहाला, फोनवर. बाई ७४ वर्षांच्या, व्हिडिओबिडिओ त्यांना नको असतो, कधी साधा कॉल कधी व्हॉट्सॅप कॉल. माझा तानपुरा म्हणजे फोनमधलं अ‍ॅप, ते ब्ल्यूटूथ स्पीकरवर लावते, रियाझाला झकास चालतं, खोली भरून जाते अगदी. पण बाईंचा कॉल लागला की तानपुरा गप्प, आणि वर बाईंचाच आवाज स्पीकरमधून यायला लागतो तोही विहिरीतून बोलल्यासारखा. मग तानपुऱ्याशिवाय गायचं आणि दहा मिनिटांत सा कुठे गेला ते माझं मलाच कळत नाही. परवा काळी चारला (पेटीची चौथी काळी पट्टी) सुरू केलं, बंदिश संपली तेव्हा अर्धा सूर खाली पांढरी पाचवर होते. बाई म्हणाल्या "अगं, पट्टी सोडून कुठे निघालीस".

काय काय करून पाहिलं: ब्ल्यूटूथच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावाशेजारच्या चक्रात जाऊन 'कॉल' बंद केलं, 'मीडिया' चालू ठेवलं. त्याने बाई फोनमधून ऐकू यायला लागल्या पण तानपुरा थांबायचा तो थांबतोच. कॉलमध्येच अ‍ॅप उघडून परत प्ले दाबलं, साध्या कॉलवर ढिम्म, व्हॉट्सॅपवर एकदा वाजला पण इतका बारीक की शेजारच्यांकडे लावलाय असं वाटावं. नवऱ्याने स्पीकर रीसेट केला, त्याने एवढंच झालं की लेकीच्या टॅबचं पेअरिंग गेलं आणि घरात वेगळाच राग सुरू झाला.

फोन अँड्रॉइड आहे. नवीन स्पीकर घेऊन सुटेल का हे?

अळूवडी:
ताई, ब्ल्यूटूथ सोडा, स्पीकरला ऑक्स (वायर खुपसायचं भोक) असेल तर सरळ वायर लावा. कटकटच नको.

मंद्रसप्तकी:
लावली की वायर! तरी थांबतो.

वायरवाला:
थांबणारच. दोन वेगळ्या भानगडी एकत्र झाल्यात तुमच्याकडे.

पहिली स्पीकरची. ब्ल्यूटूथमध्ये गाण्यासाठी एक रस्ता असतो, एटूडीपी म्हणतात त्याला, एकतर्फी, स्टीरिओ, चांगल्या प्रतीचा. कॉलसाठी दुसरा, एचएफपी, दुतर्फी कारण स्पीकरचा माईकही लागतो, म्हणून मोनो आणि पातळ. कॉल लागला की स्पीकर पहिला रस्ता सोडून दुसऱ्यावर जातो, तीच तुमची विहीर. 'कॉल' बंद केलंत ते बरोबर केलंत, ते तसंच राहू द्या.

दुसरी भानगड फोनची. कॉल आला की फोन बाकी सगळ्या अ‍ॅपना गप्प बसवतो, ब्ल्यूटूथ असो की वायर. ते मुद्दामच केलेलं आहे, नाहीतर रिक्षात बसून गाणी ऐकणाऱ्याला पलीकडचा माणूस ऐकूच आला नसता. आयफोनवरही तेच. त्यामुळे नवीन स्पीकरवर पैसे घालू नका, ब्ल्यूटूथ ५.२ वाला एलई ऑडिओ (आवाज पाठवायची नवी पद्धत) घेतलात तरी थांबवणारा फोनच आहे.

उपाय एकच, कॉल एका यंत्रावर आणि तानपुरा दुसऱ्या. ड्रॉवरमध्ये जुना फोन पडलेला असेलच, काच फुटलेला असला तरी चालेल. सिम नको. विमान मोड लावा, मग फक्त ब्ल्यूटूथ परत चालू करा, म्हणजे मध्येच कुठला टुंग आवाज येणार नाही.

खमंग_काकडी:
किंवा सरळ मिरजेला जाऊन राहा, तिथे तंबोरे बनवणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, घरात बसून फुकट ऐकू येतील 😄

मंद्रसप्तकी:
सासूबाईंना विचारून सांगते 😄

वायरवाला दादा, खूप आभार, जुना फोन आहे. पण मग बाईंना माझा तानपुरा ऐकू जाईल का? आत्ता व्हॉट्सॅपवर जो बारीक वाजला होता तो त्यांना अजिबातच ऐकू गेला नाही म्हणे.

निवृत्त_टेलिफोन:
नाही जाणार, आणि का ते गमतीशीर आहे. कॉलमध्ये आवाज साफ करणारी जी सोय असते ती सतत एकसारखा येणारा आवाज शोधून काढून टाकते, पंखा, मिक्सर, ट्रॅफिक. तानपुऱ्याइतकं सतत आणि एकसारखं दुसरं काय असतं? म्हणजे यंत्राच्या लेखी तो पंखाच. तुमचं गाणं वरखाली होतं म्हणून ते जातं, तानपुरा गाळणीत अडकतो. आवाज वाढवून फरक पडणार नाही, उलट गाळणी तुमचा खर्जही ओरबाडेल.

अजून एक. आमच्या जुन्या लाईनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. काळी चारचा बायकांचा सा साधारण २०८ हर्ट्झ, म्हणजे मूळ सा तारेतून जातच नव्हता, वरचे स्वरांश (साच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर) जायचे आणि बाकीचं कान भरून काढायचा! आता व्होल्टीच्या (४जी वरून जाणाऱ्या) एचडी कॉलला ५० ते ७००० पर्यंत जातं, दोन्हीकडे व्होल्टी असेल तर. त्यामुळे रेंज बरी असेल तर साधा कॉलही करून बघा, व्हॉट्सॅपच चांगला असं काही नाही.

षड्जपंचम:
मी स्वतः ऑनलाइन शिकवते म्हणून लिहिते. तानपुरा पलीकडे पोचवायचा हट्टच सोडा. तुमचा तुमच्याकडे, बाईंचा बाईंकडे. तानपुऱ्याला ताल नाही, त्यामुळे कॉलमध्ये आवाज थोडा उशिरा पोचला तरी काही बिघडत नाही, पट्टी एक असली की झालं. तबल्याचं मात्र असं चालत नाही, तो फक्त गाणाऱ्याकडेच वाजवायचा, आणि बाईंबरोबर एकत्र गायचा प्रयत्न करू नका, त्यांनी गायचं, थांबायचं, मग तुम्ही.

पण पट्टी एक म्हणजे खरंच एक हवी. बाईंकडे लाकडी तानपुरा असेल तर तो कानाने लावलेला असणार, अ‍ॅप ४४० च्या (पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ) हिशोबाने बसतं. दोन्हींत जरा फरक असला की वँव वँव अशी लाट ऐकू येते, सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोन हर्ट्झचा फरक. अ‍ॅपमध्ये बारीक सुरासाठी सेंटचं (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) बटण असतं, लाट थांबेपर्यंत हलवा. आणि बाईंचा आवाज एका कानात वायरच्या इअरफोनने ऐका, दुसरा कान तानपुऱ्याला मोकळा. स्पीकर माईकपासून लांब, पाठीमागे ठेवा.

खमंग_काकडी:
+१. हे आमच्या तबल्याच्या सरांना कोणीतरी सांगा रे.

मंद्रसप्तकी:
अपडेट. आज सकाळी केलं. जुना फोन विमान मोडमध्ये, त्यावर अ‍ॅप, स्पीकर मागे खिडकीत, बाई डाव्या कानात. आधी बाईंना नुसता त्यांचा तानपुरा छेडायला लावला आणि मी अ‍ॅप जुळवलं, १२ सेंट खाली आणावं लागलं. बाईंना वाटलं मी त्यांचा तानपुरा बेसूर म्हणतेय, पाच मिनिटं त्यातच गेली. मग सांगितलं की माझं यंत्र चढं आहे, तेव्हा खूश.

पाऊण तास गायले, शेवटी तपासलं तर सा जागेवर! साध्या कॉलवर आवाजही खरंच भरीव आला, टेलिफोनवाले काका म्हणाले तसं.

एकच राहिलं. बाईंना माझा तानपुरा अजूनही ऐकू येत नाही, त्यांना म्हटलं तर म्हणाल्या "मला तुझा गळा ऐकायचाय, तंबोरा माझ्याकडे आहे की". तर आता तबल्यासाठी त्याच जुन्या फोनवर तानपुरा आणि ठेका दोन्ही एकत्र लावता येतात का? तीनताल विलंबित लावला की अ‍ॅप अडखळतंय.

वायरवाला:
फोनचं मॉडेल सांगा, आणि बॅटरी सेव्हर चालू आहे का ते आधी बघा.