आईबाबांना घेऊन व्हॅलेन्सिया, गुरुवार ते रविवार, धावपळ न करता. कसं आखू?

सायली_श्टुटगार्ट

नमस्कार मंडळी. आईबाबा सध्या सांगलीहून माझ्याकडे श्टुटगार्टला आलेत आणि परत जायच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, त्यांना स्पेनमधल्या एखाद्या समुद्रकाठच्या शहरात न्यायचंय, गुरुवार ते रविवार. बार्सिलोना, मालागा आणि व्हॅलेन्सिया अशी तीन नावं आहेत, माझं मन व्हॅलेन्सियाकडे झुकतंय. ऑगस्टअखेरीस एका टूरबरोबर त्यांचं पॅरिस-स्वित्झर्लंड झालं, रोज पहाटे सहाला बॅगा लॉबीत आणि दिवसभर बसमधून चढउतार, आईचे गुडघे सुजले आणि बाबा शेवटी म्हणाले की सगळं बघितलं पण काही पाहिलं असं वाटत नाही. ते वाक्य माझ्या मनातून जात नाहीये.

तर यावेळी दिवसाला एखादीच गोष्ट, बाकी बसणं, चालणं, खाणं. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही. बाबा मासे आवडीने खातात. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे देवळं-चर्चपेक्षा पूल, कालवे, धरणं यात त्यांना रस. व्हिसाचं विचारू नका, दोघांकडे जर्मनीचा शेंगेन आहे, तारखा पुरतात आणि इन्शुरन्स सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आहे. कुठे राहू आणि काय काय *वगळू* ते सांगा. काय बघायचं त्याच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत.

मिलिंद_तुरियाकाठ

सायली, डोळे मिटून व्हॅलेन्सिया घे. मी इथेच राहतो, कामाला आहे, त्यामुळे थोडं प्रेमाने लिहितोय हे समजून घे. बार्सिलोना सुंदर आहे पण तिथे प्रत्येक गोष्टीला आधी स्लॉट बुक करा, गर्दी, खिसे सांभाळा. इथे गाव सपाट आहे, चढ नाहीत, गुडघ्यांसाठी याहून बरं शहर मिळणं अवघड.

आणि तुझ्या बाबांसाठी तर हे शहर म्हणजे पर्वणीच आहे गं. १४ ऑक्टोबर १९५७ ला तुरिया नदीला भयंकर पूर आला, शहर पाण्याखाली गेलं, माणसं गेली, त्यानंतर त्यांनी नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात वळवली. मग शहराच्या मधोमध जुनं कोरडं पात्र उरलं. सरकारला तिथे हायवे करायचा होता, लोक रस्त्यावर उतरले की पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवंय, आणि आज तिथे जवळजवळ नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे, जुने दगडी पूल तसेच डोक्यावर, खाली संत्र्याची झाडं, सायकली, फुटबॉल खेळणारी पोरं, बाकांवर पत्ते खेळत बसलेले आजोबा. सेरानोसच्या वेशीपाशी खाली उतरायचं आणि समुद्राच्या दिशेने निघायचं, दमलं की कुठल्याही पुलापाशी वर येऊन बस पकडायची. एक अख्खी सकाळ बाबांना त्या पुलांखालून फिरव, कमानी बघत बघत, ते खूष होतील.

दुसरं, शक्य असेल तर बुधवारी संध्याकाळी पोहोचा, गुरुवारी सकाळी नको. कारण गुरुवारी दुपारी बरोबर बाराला कॅथेड्रलच्या अपोस्तोलेस दरवाज्यासमोर पाण्याचं न्यायालय भरतं, त्रिबुनाल दे लास आग्वास. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांतूनच निवडलेले आठ पंच, आठ कालव्यांचे, काळे डगले घालून अर्धगोलात लाकडी-चामडी खुर्च्यांवर बसतात. मिकालेत मनोऱ्याच्या घंटेचे बारा टोल पडले की हातात पितळी आकडीची काठी घेतलेला एकजण एकेका कालव्याचं नाव पुकारतो, या कालव्याबद्दल कुणाची तक्रार आहे का म्हणून. तक्रार असेल तर सगळं तोंडी, वकील नाही, फाइल नाही, निकाल तिथल्या तिथे. बहुतेक वेळा तक्रार नसते आणि दहा मिनिटांत सगळे उठतात, पण ती पुकारण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. युनेस्कोने २००९ साली यादीत घेतलंय. रस्त्यावरच भरतं, तिकीट नाही, फक्त पावणेबाराला जाऊन पुढे उभं राहा.

पांझराकाठ

मिलिंदभाऊंच्या पोस्टला जोडून. मी धुळ्याकडचा, आमच्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे, बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडांना, कुठल्या फडात कुठलं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पाण्याची पाळी पाटकऱ्याच्या हातात. मी व्हॅलेन्सियात ते गुरुवारचं बघितलं तेव्हा अंगावर काटा आला कारण भांडण तेच असतं, वरच्याने पाळी नसताना दार उघडलं आणि शेवटच्या शेताला पाणी पोचलं नाही. सायलीताई, तुमच्या बाबांना जाण्याआधी काही समजावू नका, नुसतं नेऊन उभं करा, पाटबंधाऱ्यातला माणूस आपणच ओळखेल काय चाललंय ते.

गोदातीर

आईंच्या जेवणाबद्दल लिहिते, मी स्वतः शाकाहारी आहे आणि स्पेनमध्ये हे नीट माहीत नसलं तर फार त्रास होतो. तिथे नुसतं मांस नको म्हटलं तर सॅलडवर ट्यूना येतो किंवा भाजीत हामोनचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, तुकडे येतात, कारण बऱ्याच जणांच्या लेखी ते त्यात मोडतच नाही. त्यामुळे पूर्ण म्हणायचं: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन ऊएवो, म्हणजे मांस, हामोन, मासे, अंडं काहीच नको. एका चिठ्ठीवर स्पॅनिशमध्ये लिहून वेटरच्या हातात द्या, सगळ्यात सोपं.

पाएया, म्हणजे तिथला पसरट भांड्यात शिजवलेला भात, खायचीच असेल तर एक लक्षात ठेवा. मूळ व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी आणि ससा असतो, चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो नावाचा मोठा पांढरा पावटा, कधी गोगलगायी. भाज्यांची पाएया मिळते पण तिचा रस्सा भाज्यांचाच आहे ना हे आधी विचारा. आणि पाएया बहुतेक ठिकाणी कमीत कमी दोघांसाठीच करतात, म्हणजे आईंबरोबर तुम्हालाही शाकाहारीच घ्यावी लागेल, बाबांना वेगळा मासा सांगा. हे दुपारचं जेवण आहे, दोन-अडीचला बसायचं, रात्री पाएया खाणारा माणूस बहुधा टुरिस्टच. तळाला चिकटलेली खरवड सोडू नका, तिथले लोक त्यावर भांडतात, परातीएवढ्या त्या पसरट भांड्यातून चमच्याने खरवडून खातात.

बाकी एस्कालिवादा म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची ऑलिव्ह तेलात, पिमिएंतोस दे पाद्रोन म्हणजे छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाडं मीठ, टोमॅटो चोळलेला पाव, हे सगळं आईंना चालेल. आयोली टाळा, बऱ्याच ठिकाणी त्यात अंडं असतं. आणि ओर्चाता नक्की प्यायला द्या, थंडगार, चुफा नावाच्या कंदाचं, आपल्या नागरमोथ्याच्याच कुळातलं, त्यात दूध नसतं. सोबत फार्तोन म्हणून लांबट गोड पाव बुडवून खातात, पण त्यात कधी अंडं असतं, विचारून घ्या.

प्रसाद_डी

मी थोडं वेगळं बोलतो. एवढं लांब जाऊन आर्ट्स अँड सायन्सेसचं संकुल आणि ओशनोग्राफिक सोडायचं का? युरोपातलं सगळ्यात मोठं मत्स्यालय आहे ते. शिवाय बार्सिलोनाला ट्रेनने पावणेतीन-तीन तास, शनिवारी एक फेरी मारता येईल, आईबाबांनी तिथलं ते प्रसिद्ध चर्च, साग्रादा फामिलिया, बघितलं नाही असं नको व्हायला, परत कधी येणार ते.

मिलिंद_तुरियाकाठ

प्रसाद, परत कधी येणार या विचारानेच तर आपली माणसं दमतात रे. जाऊन-येऊन सहा तास ट्रेनमध्ये आणि तिथे पुन्हा रांग, सायलीने नेमकं हेच नको म्हटलंय. बार्सिलोना पूर्ण वगळ, सायली.

संकुलाबद्दल मात्र तुझं अर्धं पटतं. कालात्रावा या वास्तुविशारदाच्या त्या पांढऱ्या इमारती बाहेरूनच बघायच्या आहेत, संध्याकाळी, उथळ पाण्यात त्यांची प्रतिबिंबं पडतात तेव्हा, आणि त्याला तिकीट लागत नाही. ओशनोग्राफिक आत बरंच पसरलेलं आहे, तीन-चार तास पायांवर जातात, तिकीटही महाग. आईंचे गुडघे बघता मी तो वेळ अल्बुफेराला देईन.

अल्बुफेरा म्हणजे दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर गोड्या पाण्याचं मोठं सरोवर आणि भोवती भातशेती, पाएयाचा तांदूळ तिथलाच. बस २४ नंबर एल पालमारला नेते. तुम्ही जाल तेव्हा कापणी बहुतेक उरकलेली असेल, पण शेतात पाणी कसं घेतात-सोडतात ती दारं बाबांना बघता येतील. दुपारी एल पालमारला जेवा, बाबांना तिथे ऑल-इ-पेब्रे सांगा, ईल माशाचा लसूण-तिखटातला रस्सा. संध्याकाळी नावेतून सूर्यास्त बघा. शहराचा किनारा पूर्वेकडे आहे, आपल्या कोकणासारखा तिथे सूर्य समुद्रात बुडत नाही, तो तिथून उगवतो. ऑक्टोबरात उगवतोच आठच्या सुमारास, त्यामुळे चहा घेऊन आरामात मालवारोसाला जाता येतं, किनारा रुंद आहे आणि काठाने सपाट फरसबंदी रस्ता आहे, बसायला जागा मुबलक.

सायली_श्टुटगार्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना पाण्याच्या न्यायालयाचं वाचून दाखवलं, त्यांनी लगेच विचारलं की पाण्याचं माप कशात ठरवतात, एकूण पाण्याचे वाटे की तास. बुधवार संध्याकाळचं विमान घेतेय. गुरुवार न्यायालय आणि जुनं गाव, शुक्रवार नदीची बाग, शनिवार अल्बुफेरा, रविवार समुद्र. दोन शंका राहिल्या. राहायचं कुठे, रुसाफा की काबान्याल की एल कार्मेन? आणि २०२४ च्या पुरानंतर मनात भीती आहे, त्या दिवसांत पाऊस कितपत?

मिलिंद_तुरियाकाठ

बाबांना सांग, वाटे. नदीत पाणी असेल त्याचे ठरलेले हिस्से कालव्यांना मिळतात, पाणी कमी झालं की सगळ्यांचं त्या प्रमाणात कमी होतं.

एल कार्मेन नको, रात्री दोनपर्यंत गल्लीत आवाज. काबान्याल मला स्वतःला फार आवडतं, कोळ्यांची जुनी वस्ती, रंगीत टाइल्स लावलेली बुटकी घरं, पण जुन्या गावापासून ट्रामने यायला लागतं. तुमच्यासाठी रुसाफा, त्यातही बारच्या रस्त्यावरचं घर नको, मागच्या बाजूचं बघ. विमानतळावरून मेट्रो ३ किंवा ५ घेऊन शातिवाला उतरलात की तिथून रुसाफा चालत जाण्यासारखं आहे. स्वयंपाकघर असलेलं घर घे, डाळ-मसाले मिळणारी दुकानं त्या भागात आहेत, आईंना एखाद्या रात्री वरणभात करावासा वाटला तर सोय असेल. आणि बुक करताना लिफ्ट आहे का हे लेखी विचार, आसेन्सोर म्हणतात तिला, जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यापर्यंत अरुंद जिना हे सर्रास असतं.

पावसाचं खरं सांगतो. शरद ऋतूत इथे भूमध्य समुद्र तापलेला असतो आणि वर थंड हवा आली की एकाएकी प्रचंड कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला तेच झालं, २०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक दक्षिणेच्या गावांमध्ये, पायपोर्ता, कातारोखा वगैरे. मुख्य शहर वाचलं ते १९५७ नंतरच्या त्या नव्या पात्रामुळे. रोज असं होत नाही, ऑक्टोबरचे बरेच दिवस छान उन्हाचे असतात. पण स्पेनच्या हवामान खात्याचा, आएमेतचा, इशारा सकाळी बघत जा. नारिंगी किंवा लाल असेल तर अल्बुफेरा त्या दिवशी रद्द, घरात बसा, मोबाइलवर अलर्ट वाजला तर तो पाळा.

गोदातीर

एक राहिलं. ९ ऑक्टोबरला व्हॅलेन्सिया प्रांताची सुट्टी असते, १२ ला राष्ट्रीय सुट्टी, आणि मर्कादो सेंत्रालचा मोठा बाजार रविवारी आणि सुट्टीला बंद. तर बाजार गुरुवारी सकाळीच करून घ्या, दहाला जा म्हणजे बाराच्या आधी कॅथेड्रलपर्यंत आरामात पोचाल, चालत काही मिनिटांवर आहे. १९२८ सालची इमारत, आत घुमटाखाली उभं राहून वर बघा. समोरच रेशमाच्या व्यापाऱ्यांचं लोन्हा, म्हणजे जुनं व्यापारगृह, आहे, पिळदार खांबांचं, तेही त्याच फेरीत होईल. फळांमध्ये त्या दिवसांत अंजिरं, डाळिंबं आणि काकी (म्हणजे पर्सिमन) मिळतात, काकी घट्ट असली तरी गोड लागते, आईंसाठी अर्धा किलो घेऊन ठेवा. ९ तारीख तुमच्या दिवसांत येत असेल तर बेकरीच्या काचेत बघा, मार्झिपानच्या छोट्या छोट्या रंगीत भाज्या-फळं रुमालात बांधून बायकोला द्यायची तिथे त्या दिवशी रीत आहे. बाबांच्या कानावर घालून ठेवा.