सड्यावरचं काटेरी, पिवळ्या फुलांचं झुडूप कोणतं? आणि कुंडीत का मेलं?

गडग्याकडची
नमस्कार. पूर्णगडजवळ आमचं घर, मागे लगेच सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढतो. लहानपणी परड्याच्या गडग्याला लागून कमरेएवढी काटेरी झुडपं होती. दिवाळीनंतर पिवळ्या फुलांनी भरायची. आजी पहाटे काटे चुकवत फुलं काढायची, देवाला वाहायची. तिच्या बोटांवर कायम ओरखडे. घराचं काम निघालं तेव्हा गडगा पाडून चिऱ्याची भिंत घातली आणि झुडपं जेसीबीखाली गेली. मी तेव्हा डोंबिवलीला होते. मला कोणी विचारलंही नाही, ते अजून लागतं.

आता कायमची परत आलेय. सड्यावर करवंदाच्या जाळीशेजारी, कातळाच्या भेगेत तसंच झुडूप दिसलं. पानं समोरासमोर, टोकाला टोचणारी. पानाच्या बेचक्यात तीन-चार सरळ काटे. फूल नळीसारखं, पाकळ्या चार वर आणि एक खाली सुटी. शेजारचे म्हणतात भुईगेंद. मला पटत नाही.

मागच्या जूनमध्ये एक रोप मुळासकट उपटून आणलं. लाल माती आणि शेणखत निम्मं निम्मं घालून कुंडीत लावलं, कुंडी पागोळीखाली ठेवली. श्रावणापर्यंत सगळी पानं गळाली. उपसून पाहिलं तर मुळं काळी, मऊ. कुठे चुकलं?

राजापूरकर
भुईगेंद वाटतोय. आमच्या कातळावर उन्हाळ्यात दिसतो.

कातळवाट
भुईगेंद नाही. त्याचे फुलांचे गोळे झाडाच्या बुडाशी, जवळजवळ जमिनीला टेकलेले असतात. कमरेएवढं झुडूप तो होत नाही. ताई, तुमचं 'चार वर, एक खाली' वाचलं तिथेच ओळख पटली. ही पिवळी कोरांटी, तिलाच वज्रदंती म्हणतात. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस, लिनिअसने १७५३ साली दिलेलं. अडुळसा, अबोली यांच्याच कुळातली. आणखी खात्री हवी तर दोन गोष्टी बघा: फुलातून दोन लांब पुंकेसर बाहेर डोकावतात, आणि बोंडाला चोच असते, आत दोनच चपट्या बिया. जांभळ्या कोरांटीच्या बोंडात चारपर्यंत निघतात, आणि तिला बेचक्यातले असे काटे नसतात.

आता मेलं कशाने. तुम्ही फार लाड केलेत. कोरांटीचं सोटमूळ भेगेत खोल गेलेलं असतं, उपटताना ते तुटतंच. भेगेत माती मूठभर आणि पाणी थांबत नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यात शेणखत पाणी धरून बसतं आणि वरून पागोळीची धार. तुटलेलं मूळ त्यात कुजणारच. कातळावर भर उन्हात तगणारं झाड आपण ओलीत मारतो.

उपटू नका, फांदी लावा. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी घ्या. कोवळा शेंडा नको आणि जून लाकूडही नको. खालची पानं काढून दोन पेरं मातीत जाऊ द्या. कुंडीत तळाला चिऱ्याचे तुकडे, वर नदीची जाड रेती आणि थोडीच माती. समुद्राची वाळू वापरू नका, मीठ असतं. पावसाळाभर कुंडी पडवीत ठेवा, उजेड मिळेल पण धार लागणार नाही अशी. पाऊस ओसरला की पूर्ण उन्हात. एवढं केलं की ती स्वतःची स्वतः वाढते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे तर तिला तण ठरवलंय.

देवगडची माई
बियांचंही सांगते. मी तपकिरी झालेली बोंडं ताटात घालून खिडकीत ठेवली होती. दुपारी तडतड आवाज आला. बिया थेट समोरच्या भिंतीपर्यंत उडालेल्या! तेव्हापासून कागदी पिशवीत घालून तोंड बांधते. बी तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाका. अंगावरची रेशमी लव उभी राहते आणि बी बुळबुळीत होऊन हाताला चिकटतं. सड्यावर पहिल्या सरीत ते दगडाला असंच चिकटत असणार. फुलं संपली की एक हात छाटा, दाट होते. माझ्या कुंपणात गुरं तोंड घालत नाहीत.

गडग्याकडची
कातळवाट, माई, मनापासून आभार. काल सड्यावर जाऊन बोंड फोडलं: चोच आहे, बिया दोनच. कोरांटीच! आजी 'कोराट' म्हणायची, ते आत्ता आठवलं. जुन्या गडग्याचे दगड भिंतीबाहेर अजून पडलेत. ते रचून त्यांच्या फटींत लावायचा विचार आहे, कुंडी नकोच. दोन रोपांत अंतर किती ठेवू?

कातळवाट
दोन फूट. आणि रचाईत माती भरू नका, फटी तशाच मोकळ्या राहू देत.