वाचता येत नसलं तरी चालतं
वर विचारलंय की पाच वर्षांच्या मुलाला कोडिंगचं अ‍ॅप द्यावं का, तर माझं मत: नक्की द्या, पण सुरुवात स्क्रॅच ज्युनिअर या अ‍ॅपनं करा, त्यात हुकमांचे ठोकळे जोडून चित्रं हलवायची असतात. २०१४ ला आलं, फुकट आहे, ५ ते ७ वयासाठी, ठोकळ्यांवर शब्द नाहीत नुसती चित्रं, म्हणून वाचता येत नसलं तरी चालतं. (मोठं स्क्रॅच ८ च्या पुढे.) इथे इंदूरला माझ्या भाचीनं त्यात राजवाडा रंगवला, मांजर दारापर्यंत न्यायची होती पण ती अर्ध्यातच थांबायची, मग ग्रिड (पडद्यावरच्या चौकोनांची जाळी) लावून तिनं बोटानं चौकोन मोजले नि बाणाच्या ठोकळ्याखालचा ४ (म्हणजे किती चौकोन चालायचं) काढून ९ टाकला, पोचली! हेच तर डीबगिंग (चूक शोधून सुधारणं) ना, कुणी शिकवलं नव्हतं हो. फक्त शेजारी बसा, आकडा सांगू नका.